तरंगलेला थेंब

अश्विन लागला की नांदेडमधून कुठल्याही दिशेला बाहेर पडा, सोयाबीनच्या मळणीचा धुरळा हवेत असतोच. दुपारी ऊन पाठीला चावतं आणि संध्याकाळी अंगणात बसलं की एकदम गार वाटायला लागतं. लोकांना या दिवसांत झेंडू आठवतो, आपट्याची पानं आठवतात. मला मोरचूद आठवतं. द्राक्षवाले फवारणीत घालतात ते, निळंशार. माझं मोरचूद मात्र एका छोट्या काचेच्या बाटलीत होतं, आणि त्यात माझ्या रक्ताचा एक थेंब पडलेला होता.

परवा लेकीचा फोन आला. ऋतुजा लातूरला असते, वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या रिपीटर बॅचला. गेल्या वर्षी थोडक्यात हुकलं, म्हणून यंदा पुन्हा. मागच्याच महिन्यात तिला अठरा पूर्ण झाली.

"आई, रविवारी आमच्या हॉस्टेलवर रक्तदान शिबिर आहे. देऊ का? पहिल्यांदाच आहे. काय काय माहीत पाहिजे ते सांग."

मी नांदेडच्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. पंचवीसेक वर्षं शिबिरांत मुलांच्या शेजारी उभी राहत आलेय. वय अठरा, वजन पंचेचाळीस किलोच्या वर, हिमोग्लोबिन साडेबारा, हे सगळं मला झोपेतून उठवलं तरी म्हणता येतं. तेच सांगायला तोंड उघडलं आणि बाहेर भलतंच आलं. "आधी पोटभर जेव," मी म्हटलं, "आणि उपास धरू नकोस."

"रक्त द्यायला उपास कशाला धरीन?" ती हसली.

आम्ही धरला होता. अख्ख्या खोलीनं. तिला हे मी कधी सांगितलंच नव्हतं, याचं मलाच नवल वाटलं.

भूकंपाच्या वर्षीची गोष्ट. मीही तेव्हा लातुरात होते, आणि मीही बारावीला दुसऱ्यांदा बसणार होते. आमच्या घरात ती एक परंपराच म्हणायची. लातूरच्या शिकवण्यांचं नाव तेव्हा नुकतं गाजायला लागलं होतं. माझे वडील उमरीला शाळेत शिक्षक. मुलीला लातूरला टाकलं की ती डॉक्टर होऊनच परत येते, अशी त्यांची समजूत होती. नांदेडहून, किनवटहून, कुठून कुठून मुली लोखंडी पेट्या घेऊन उतरायच्या. एका घराच्या माडीवर आम्ही सहाजणी राहत होतो. सहा कॉट, एक नळ, भिंतीवर मूलद्रव्यांचा तक्ता. पहिला क्लास सकाळी सहाला. मेसच्या डब्यात पातळ वरण आणि बटाटा, त्यामुळे खऱ्या अर्थानं आम्ही चहावर जगत होतो.

माझ्या शेजारच्या कॉटवर सुमन होती. औसा तालुक्यातल्या एका खेड्यातल्या शेतकऱ्याची मुलगी, रसायनशास्त्रात आम्हा सगळ्यांच्या पुढे. माझं बोलणं तिला शहरी वाटायचं. "तुम्ही शहरातल्या पोरी लई हळू बोलता," म्हणायची. उमरीला कोणी शहर म्हटल्याचा तो पहिला आणि शेवटचा प्रसंग.

गणपतींचं विसर्जन नुकतंच झालं होतं. पहाटे खोली हलली, पेट्या एकमेकींवर आपटल्या, आणि आम्ही सगळ्या जिना उतरून रस्त्यावर. एकीच्या हातात फिजिक्सची वही होती आणि पायात चप्पल नव्हती, म्हणून आम्हाला हसू आलं. ते हसू दुपारपर्यंत पुरलं. दुपारी सुमनचा मामा तिला न्यायला आला. तो दारात नुसता उभा राहिला, तेव्हा आम्हाला समजलं. वडील, थोरला भाऊ, वहिनी आणि त्यांचं दीड वर्षाचं मूल, सगळे दगडमातीच्या भिंतींखाली गेले होते. आई तेवढी जिवंत निघाली. तिचा उजवा पाय गुडघ्याखाली चिरडला होता आणि तिला लातूरच्या एका दवाखान्यात आणलं होतं.

आपण काय करावं, हा प्रश्न त्या आठवड्यात लातुरात ज्याला त्याला पडला होता. घरोघरी भाकऱ्या थापल्या जात होत्या, गाठोड्यांत लुगडी बांधली जात होती. आणि रक्तपेढीसमोरची रांग तिसऱ्या दिवशी रस्त्यावर आली. वकील, हमाल, आमचे गणिताचे सर, डबेवाल्या काकू, सगळे एकामागे एक. इतकी माणसं स्वतःहून सुई टोचून घ्यायला उभी राहतात, हे मी तोवर पाहिलं नव्हतं. मला गंमत वाटत होती.

आमच्या खोलीत रात्रीच ठरलं होतं की आपणही जायचं. सुमनच्या आईसाठी जायचं. आता दान म्हटल्यावर सकाळी डोक्यावरून आंघोळ आली आणि निरंकार उपासही आला. कोणी तसं सांगितलं नव्हतं. दान रिकाम्या पोटी करायचं, हे आम्हाला सांगावं लागत नव्हतं. त्यात किनवटची एक मैत्रीण होती, तिनं त्याला शास्त्राचा आधार दिला. "रक्त तपासायला उपाशीपोटीच बोलावतात की," ती म्हणाली. धर्म आणि विज्ञान एकाच बाजूला आल्यावर बोलायला जागाच उरली नाही. अकरा वाजता आम्ही उन्हात रांगेत उभ्या होतो, पोटात पाण्याचा घोट नाही. आमच्या पुढे दुसऱ्या एका माडीवरच्या मुली होत्या. त्यांनीही हाच विचार केलेला दिसला, कारण त्यांतल्या दोघी आत पोचायच्या आधीच मटकन खाली बसल्या.

तेव्हा आतून सय्यदभाई बाहेर आले. रक्तपेढीत तपासणीचं काम करणारे, पन्नाशीचे, पांढऱ्या कोटावर निळे डाग. त्यांनी बसलेल्या मुलींना विचारलं, मग आम्हाला विचारलं, आणि प्रत्येकीचं उत्तर एकच आल्यावर कपाळाला हात लावला.

"हे काय व्रत हाय का, बेटा? कोण सांगितलं उपाशी यायला?"

कोणीच नाही, असं सांगायची आम्हाला लाज वाटली.

"जावा. समोर पोहे मिळतात, पोटभर खावा. दोन गिलास पाणी प्या. अर्ध्या तासानं या. मी कुठं पळून नाही चाललो."

आजही प्रत्येक शिबिरात मी तेच सांगते आणि प्रत्येक शिबिरात, विशेषतः नवरात्रात, कोणीतरी उपाशी आलेलं असतंच. शरीरातून साडेतीनशे मिलीलिटर रक्त निघून जाणार असतं. पोटात अन्न आणि अंगात पाणी असेल तर शरीर ते निमूट सोसतं, नसेल तर डोळ्यांपुढे अंधारी आणतं. त्याला पुण्यबिण्य कळत नाही.

पोहे खाऊन आम्ही परत आलो. सय्यदभाईंनी माझ्या बोटाला टोचलं, बारीक नळीत रक्त घेतलं आणि थेंब मोरचुदाच्या त्या निळ्या बाटलीत सोडला. थेंब जरासा खाली गेला, थबकला आणि वर आला. निळ्या पाण्यावर तो लालचुटूक थेंब इतका सुंदर दिसत होता की मी बघतच राहिले.

"तरंगला," सय्यदभाई म्हणाले.

"म्हणजे काय?"

"म्हणजे रक्त हलकं हाय. बुडाला असता तर घेतलं असतं. न्हाई जमायचं, बेटा."

घनतेवरची शंभर गणितं मी सोडवली होती. लाकूड पाण्यावर का तरंगतं, लोखंड का बुडतं, सगळं पाठ होतं. त्या विद्येचा माझ्या स्वतःच्या रक्ताशी काही संबंध असेल, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. लोह कमी म्हणून हिमोग्लोबिन कमी, हिमोग्लोबिन कमी म्हणून थेंब हलका. एवढं सोपं. तरी मी अडून बसले. "थोडंसं तरी घ्या," म्हटलं.

"थोडं बी न्हाई. तुझ्याकडंच कमी हाय, त्यातलं काढलं तर तू पडशील. अन् ज्याला चढवू त्याला बी ते पुरायचं न्हाई."

बारावीत मार्क कमी पडले होते तेव्हा मी रडले नव्हते. इथं रडले. आत बसलेल्या डॉक्टरबाईंनी मला लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, एक जंताची गोळी दिली आणि विचारलं, "चहा किती पितेस?" मी खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "जेवणावर चहा पूर्ण बंद. पालेभाजी खा, वर लिंबू पिळ. दीड महिन्यानं परत ये." किनवटची मैत्रीण वजनात नापास झाली. तिचं वजन एकेचाळीस भरलं. आमच्या खोलीतल्या बाकी तिघींनी रक्त दिलं. सुमननं तर आदल्याच दिवशी आईच्या दवाखान्यातून येऊन दिलं होतं. त्या तिघी दोन दिवस दंडावरचा कापूस मिरवत होत्या. खाली घरमालकीणबाईंनी मला विचारलं, "तू पण दिलंस का गं?" मी म्हटलं, "हो." इतकी लाज वाटत होती.

"म्हणजे माझंही कमी निघू शकतं," फोनवर ऋतुजा म्हणाली. आवाजात जरा काळजी होती.

निघू शकतं, मी म्हटलं. मेसचं जेवण आणि रोजचा चहा यांत तेव्हापासून फारसा फरक पडलेला नाही. निघालं तर रडत बसू नकोस. एका थेंबात स्वतःविषयी एक खरी गोष्ट कळली, असं समज आणि औषध घे. पाळी चालू असेल तर ती संपल्यावर जा. मध्ये ताप येऊन गेला असेल, कसल्या गोळ्या चालू असतील, नव्यानं टॅटू काढून घेतला असेल तर तिथं सांग. टॅटूच्या शब्दाला ती जरा गप्प झाली, ते मी लक्षात ठेवलंय. ते लोक फार खासगी प्रश्न विचारतात म्हणून मुलं कधी कधी चिडतात. मी त्यांना सांगते की ते तुमची उलटतपासणी करत नसतात. तुमचं रक्त उद्या ज्याच्या अंगात जाणार आहे, तो आजारी माणूस तिथं येऊन विचारू शकत नाही, म्हणून ते त्याच्या वतीनं विचारतात.

त्या वर्षी नवरात्रात मी उमरीला गेले. घरात घट बसलेले, माळ चढवलेली, आणि आईचे नऊ दिवस चालू. आमच्याकडे मुलींनी कळत्या वयापासून नऊ दिवस धरायचे, हा रिवाज. मी धरणार नाही म्हटल्यावर आईचा चेहरा उतरला.

"परीक्षेच्या वर्षी?" ती म्हणाली. "देवी पाहून राहिली, पोरी."

"डॉक्टरबाईंनी सांगितलंय. माझं रक्त कमी आहे."

वडिलांनी पेपर खाली केला. "कमी म्हणजे? गेलं कुठं ते?" शिक्षक माणूस, उत्तर मिळाल्याशिवाय पेपर वर जात नसे. मी त्यांना थेंबाची गोष्ट सांगितली. मग सुमनच्या घराची सांगितली, तिच्या आईच्या पायाची सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यापुढे ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, तिळाची चटणी आणि गुळाचा खडा आला. ती स्वतः उपाशी होती. ताट ठेवताना म्हणाली, "तुझे नऊ दिवस माझ्यात धर म्हणून सांगितलंय देवीला. तू खा." पुढं मी कितीतरी पुस्तकं वाचली, पण श्रद्धा कुठं वाकते आणि तरी मोडत नाही, हे मला त्या ताटापाशी कळलं. नऊच्या नऊ दिवस मी खाल्लं आणि तिनं माझा वाटा उपाशी राहून भरला.

दिवाळी करून लातूरला परतले तर सुमन खोलीत होती. कॉटवर बसलेली, पुस्तक मांडीवर उघडं, पान उलटत नव्हतं. आईच्या पायाच्या हाडात पू झाला होता. परत शस्त्रक्रिया करायची होती, नाहीतर पाय मांडीपासून काढावा लागणार होता. तिच्या आईचा रक्तगट ओ. रक्तपेढीत त्या गटाच्या दोनच पिशव्या शिल्लक होत्या. त्या हव्या असतील तर बदली म्हणून दोघांनी कुठल्याही गटाचं रक्त द्यायचं, म्हणजे फ्रीज अगदी रिकामा पडणार नाही, असं तिला सांगितलं होतं.

"परवा सकाळपर्यंत दोघं पाहिजेत," ती म्हणाली. "म्या तर दिलेलं हाय. माझं चालत न्हाई."

मला ते काही कठीण वाटलं नाही. ज्या गावात दीड महिन्यापूर्वी रस्त्यावर रांग आली होती, तिथं दोन माणसं मिळणार नाहीत? आम्ही दोघी सय्यदभाईंकडे गेलो आणि मी तेच म्हटलं. इतक्या लोकांनी दिलेलं रक्त गेलं तरी कुठं, असं विचारलं.

"बेटा, रक्त काय लोणचं हाय का, बरणीत घालून वर्षभर ठेवायला?" ते म्हणाले. "महिना, फार तर सव्वा महिना टिकतं. तेव्हा इतकं आलं की ठेवायला जागा न्हवती. लागलं तेवढं वापरलं, दुसऱ्या गावांना पाठवलं, उरलं त्याची मुदत संपली. अन् ज्यांनी दिलं, त्यांना तीन महिने देता येत न्हाई. सगळं गाव एकाच आठवड्यात देऊन बसलं. आता मागायचं कुणाकडं?"

सगळ्यांनी एकदम केलेलं चांगलं काम असं अंगावर येतं, हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्याचं दुःख पाहून आपल्याला भरून येतं, आपण त्याच दिवशी धावतो आणि आपलं मन हलकं होतं. जखम मात्र तिच्या वेळेनं भरते किंवा चिघळते. सुमनच्या आईचा पाय आमच्या भावनांच्या वेळापत्रकाप्रमाणे चालला नव्हता.

सय्यदभाईंनीच वाट काढली. "ज्यांना तेव्हा परत पाठवलं, त्यांना हुडका," ते म्हणाले. "त्या आता देऊ शकतील."

त्या दिवशी आम्ही वहीचं एक पान फाडलं आणि नापास मुलींची यादी करायला निघालो. लातुरात तेव्हा गुणवत्ता यादीशिवाय दुसऱ्या यादीला कोणी विचारत नव्हतं. माडीमाडीवर जाऊन आम्ही विचारायचो, "तुला रक्तपेढीतून परत पाठवलं होतं का?" आणि प्रत्येक मुलगी म्हणायची, नाही, मी दिलंय. सगळ्यांनी दिलं होतं. एकही नापास नाही. शेवटी मला माझंच 'हो' आठवलं आणि डोक्यात प्रकाश पडला. पुढच्या माडीवर मी प्रश्न बदलला. "माझा थेंब तरंगला होता," म्हटलं, "मला परत पाठवलं. आणखी कोणाला पाठवलं का?" तेव्हा कोपऱ्यातली एक उंच मुलगी हळूच म्हणाली, "मला." रक्तपेढीतून परत येताना तिनं घरूनच नेलेला कापूस दंडावर चिकटवला होता. मग दुसरी बोलली. संध्याकाळपर्यंत पाच नावं झाली. मार्कांवर जगणाऱ्या गावात रक्तातही नापास होण्याची केवढी ही भीती. आम्ही पाचजणींनी ती एकमेकींना सांगितली आणि खूप हसलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी, पोटभर जेवून, आम्ही रक्तपेढीत. एकीला ताप होता, ती दारातूनच परत गेली. किनवटच्या मैत्रिणीनं दिवाळीत करंज्यांवर जोर दिला होता, तरी काटा त्रेचाळीसवर थांबला. तिसरीचा थेंब पुन्हा तरंगला. उंच मुलीचा बुडाला. राहिले मी.

सुमन दाराच्या चौकटीला धरून उभी होती. आत येत नव्हती. बोटाला टोचलेलं मला कळलंही नाही. थेंब निळ्या पाण्यात पडला, थोडा खाली गेला आणि मध्येच थांबला. खाली जाईना, वर येईना. सय्यदभाई वाकून बघत होते. माझ्या आईचे नऊ उपास, अंबाडी, गोळ्या, बंद केलेला चहा, सगळं त्या थेंबात अडकून राहिल्यासारखं झालं. मग तो हळूहळू खाली निघाला आणि तळाशी जाऊन बसला.

"चल बेटा, झोप," सय्यदभाई म्हणाले. सुमननं तोंडाला पदर लावला. खरं तर ती ओढणी होती, पण तिनं ती पदरासारखीच लावली.

दुखतं का, हे ऋतुजानं दोनदा विचारलं. सुई जाताना दुखतं. मोठा काटा रुतावा इतकं, दोन श्वास. मग काही नाही. मी आधी तोंड फिरवलं होतं, पण उत्सुकता राहवेना, म्हणून पाहिलं. रक्त वाटलं होतं त्यापेक्षा खूप काळपट होतं. ती बारीक नळी मनगटावरून जात होती आणि कोमट लागत होती. आपण आतून एवढे ऊबदार असतो, हे त्या नळीनं मला सांगितलं. हातात रबरी चेंडू होता, तो दाबत राहायचा. सात-आठ मिनिटांत झालं. अंगातलं पाणी एक-दोन दिवसांत भरून येतं, तांबड्या पेशींना महिना-दीड महिना लागतो, आणि तेवढ्यात आपण काही गमावलंय असं वाटतही नाही.

पंधरा मिनिटं पडून राहा, सरबत पी, बिस्किट खा, असं सय्यदभाईंनी बजावलं होतं. मी पाचव्या मिनिटाला सुमनला सांगायला ताडकन उठले आणि तिथंच फरशीवर बसले. डोळे उघडले तर माझे पाय खुर्चीवर होते आणि सय्यदभाई वरून बघत होते. "एवढं शिकून बी ऐकायचं न्हाई," ते म्हणाले. ऋतुजा, हे तुझ्यासाठीच सांगतेय. उठायची घाई करू नकोस, त्या हातानं पाण्याची बादली उचलू नकोस, आणि जिंकल्यासारखी स्कूटीवर भरधाव निघू नकोस.

सरबत पिताना मला दुसरी गोष्ट कळली. माझा गट बी निघाला. माझं रक्त सुमनच्या आईला चालणार नव्हतं. उंच मुलीचा गट ए, तिचंही नाही. आमच्या पिशव्या फ्रीजमध्ये जाणार आणि फ्रीजमधल्या ओ गटाच्या दोन त्यांच्याकडे जाणार. नियम आधी सांगितला होता, तरी मनातल्या मनात मी माझंच रक्त त्यांच्या नसांतून फिरवलंही होतं. मी खट्टू झाले. मग प्रश्न पडला, त्या दोन पिशव्या दिल्या कोणी? भूकंपाच्या आठवड्यातलं रक्त तर केव्हाच संपलं होतं. म्हणजे सगळं गाव थकून घरी बसल्यावर, पेपरात आवाहन नसताना, कोणीतरी आपण होऊन आलं होतं. मी सय्यदभाईंना नाव विचारलं. त्यांनी मान हलवली. "नाव सांगत न्हाई कुणाचं," म्हणाले.

पाय वाचला. आठवड्यानं मी सुमनच्या आईला, म्हणजे मावशींना, भेटायला गेले. दुपारची वेळ, वॉर्डात औषधांचा आणि कुणाच्या तरी डब्यातल्या पिठल्याचा वास. मावशी उशीला टेकून बसल्या होत्या. जवळजवळ दोन महिन्यांत त्यांनी घरातल्या चार माणसांविषयी एक शब्द काढला नव्हता, सुमन म्हणायची. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुझंच रगत चढवलं म्हनं मला."

हो म्हणावंसं वाटलं. फार वाटलं. पण सुमनला खरं माहीत होतं. "न्हाई मावशी," मी म्हटलं, "माझं दुसऱ्या कोणाला जाईल. तुम्हाला दुसऱ्याच कोणाचं तरी दिलंय."

"कुनाचं?"

शेजारच्या खाटांवरच्या बायका बघायला लागल्या. सुमन गडबडली. "आई, असं इचारू न्हाई."

"अगं, जात न्हाई इचारत म्या," मावशी म्हणाल्या. थोडा वेळ त्या आपल्या हाताकडं बघत राहिल्या, जिथं सुईचा निळा डाग होता. मग मला म्हणाल्या, "त्याला ठावं हाय का, म्या वाचले म्हनून?"

"नाही मावशी. ते कळवत नाहीत."

"मग सांगायचं कुनी त्याला?"

ऋतुजानंही फोनवर मला हेच विचारलं. मी बरीच वर्षं रक्त देत आलेय आणि माझं कुठं गेलं, त्यातलं कोण जगलं, मलाही कोणी सांगितलेलं नाही. देणाऱ्याला ते कळत नाही. पहिल्यांदा देणाऱ्या प्रत्येकाला एवढं तरी माहीत असावं, असं मला वाटतं.

म्हणून इथं लिहिते. भूकंपाच्या वर्षी, दिवाळीच्या आसपास, लातुरात कोणीतरी दोघांनी ओ गटाचं रक्त दिलं. तुम्ही असाल तर ऐका. ज्या बाईंना ते चढवलं त्या वाचल्या. पाय आखूड राहिला, पण त्या पायावर त्या नव्या वसाहतीत तेवीस वर्षं चालल्या. शेत लावलं, मुलीला नर्स केलं, दोन नातवंडं अंगाखांद्यावर वाढवली. पहिली नात झाली त्या दिवशी त्यांनी दारात पाच जणांना साखर वाटली आणि सहावी मूठ तशीच हातात धरून त्या बराच वेळ रस्त्याकडे बघत उभ्या होत्या. ती मूठ तुमची होती.